रांगेत उरलेला हंडा

१

टँकर रिता होऊन निघून गेला, रांग मोडली, बाया भरलेले हंडे घेऊन घरोघर पांगल्या, आणि देवसांगवीच्या दूध संघाच्या फाटकासमोर एकच हिरवा प्लास्टिकचा हंडा उरला. केशरबाई तो न्यायला आली. उचलायला गेली तर हलका लागला. आत पाण्याचा थेंब नव्हता. तिचा नवरा रामकिसन संघाचा पहारेकरी. फाटकाच्या आतच त्याचा मुक्काम, हाकेवर हंडा, आणि तरी भरून ठेवला नाही म्हणून ती तणतणतच आत गेली.

रामकिसन कुंपणाच्या भिंतीला आतल्या अंगानं लावलेल्या शिडीच्या पायथ्याशी उताणा पडला होता. जीव कधीच गेला होता. केशरबाईनं आरडाओरडा केला नाही. हातातला हंडा आधी नीट खाली ठेवला आणि मग ती त्याच्याजवळ बसली. बाई रडली कशी नाही, यावर नंतर गावात बरीच चर्चा झाली. खरं तर पाऊस नसण्याचं हे तिसरं वर्ष होतं. शेजारच्या लातूरला त्या उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी येत होतं, आणि देवसांगवीत कुणीच कशाला फारसं रडत नव्हतं.

ठाण्याचा कारभार सहायक पोलीस निरीक्षक मुक्ता केकाण हिच्याकडे होता. ती मूळची पाटोद्याकडची, इथं बदलून येऊन फार दिवस झाले नव्हते. तिनं प्रेताकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं, आणि शिडीच्या वर, भिंतीला लागून उभ्या असलेल्या खांबावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याशी काही खटपट करायला चढला असेल, पाय घसरला असेल. मनात एवढंच आलं, बाकी काहीच हललं नाही. हे तिला स्वतःलाही अलीकडे जाणवत होतं. सख्ख्या मावशीच्या दहाव्याला ती घड्याळ बघत बसली होती.

रामकिसनच्या चपलांना चिखल लागला होता, वाळत आलेला. टँकरचं पाणी सांडतं, त्यात पाय पडला असेल, म्हणून तिनं तेही सोडून दिलं.

पण दुपारी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सोडू दिलं नाही. जखम डोक्याच्या मागच्या बाजूला होती आणि तिची कड सरळ होती. दगडी किंवा सिमेंटच्या काठावर आपटल्याशिवाय अशी जखम होत नाही, असं त्याचं म्हणणं. शिडीखाली तर भुसभुशीत माती होती. काठ असलेलं काहीच नव्हतं.

म्हणजे रामकिसन मेला दुसरीकडे. शिडीखाली त्याला कुणीतरी आणून झोपवलं होतं.

२

शिडीवर पांढऱ्या रंगात ‘न. पं. कॅमेरा कक्ष’ असं लिहिलेलं होतं. आता हा कॅमेरा कक्ष म्हणजे काय, ते सांगायला हवं.

लहान शहरं सुरक्षित करायची अशी केंद्राची एक योजना होती. तिच्यातून देवसांगवीला मोजके कॅमेरे मिळाले. कॅमेरे केंद्राचे, खांब आणि वीज नगरपंचायतीची, आणि त्यात दिसतील ते चोर पोलिसांचे, अशी वाटणी झाली. तिघांनी मिळून काम करायचं, असं योजनेत छापलेलं होतं. प्रत्यक्षात खांब वाकला की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवत.

एकदाच काय ते तिघांचं जमलं. संघासमोरचा कॅमेरा खरा तर फाट्यावरच्या लुटालुटीवर नजर ठेवायला बसवला होता. पण गावातली डोकी फुटत होती पाण्याच्या रांगेत. मग नगरपंचायतीचे मुख्याधिकारी, मुक्ता आणि केंद्राच्या एजन्सीचा अभियंता अशी बैठक झाली, अभियंता बराच वेळ नाही-नाही म्हणत राहिला, आणि शेवटी तिघांच्या सह्यांनी कॅमेऱ्याची मान फाट्यावरून काढून रांगेकडे वळवली. रांगेतली भांडणं त्या आठवड्यापासून कमी झाली. पण पुन्हा कुणी मान हलवू नये म्हणून अभियंत्यानं नियम करून टाकला: कॅमेरा तसूभर जरी फिरवायचा तरी तीन सह्या.

कॅमेरा-खोली संघाच्या मागच्या गल्लीत होती, आवाराच्या मागच्या दाराला लागून. तिथं भारत साळवे नावाचा तरुण कंत्राटावर बसायचा. विहारामागच्या वस्तीतला, बापाविना वाढलेला, आई सरूबाई शाळेत खिचडी शिजवणारी. या भारतची केंद्राच्या सुरक्षा दलात निवड झाली होती आणि येत्या सोमवारी त्याला हजर व्हायचं होतं. फक्त चारित्र्याचा दाखला तेवढा राहिला होता, आणि तो द्यायचा मुक्तानंच.

खोलीला कुलूप होतं, तोडलेलं नव्हतं. शिडी आतली. किल्ली भारतच्या खिशात. आदल्या दिवशी भारत आणि रामकिसन यांची खोलीच्या दारात वादावादी झाली होती, ती गल्लीनं ऐकली होती.

मुक्तानं त्याला ठाण्यात आणून बसवलं. तो घाबरला होता, पण बोलत सरळ होता. रामकिसन म्हणत होता की कॅमेरा जरा आत वळव, संघाच्या आवाराकडे. कावून, विचारलं तर सांगेना. भारतनं तीन सह्यांचा नियम सांगितला, तसा रामकिसन चिडला. वाद एवढाच. पहाटे भारत पाटोदा रस्त्याला पळायला गेलता, रोजच जायचा, भरतीची सवय. वाटेत कुणी भेटलं नाही.

“मग शिडी बाहेर कशी आली?” मुक्तानं विचारलं.

“ते मलाच कळंना झालंय, म्याडम.”

मुक्तानं त्याला कोठडीत टाकायला सांगितलं. सरूबाई ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली, आणि सोमवार आला काय नि गेला काय, दाखल्यावर खुनाचा संशयित असं लिहून जाणार हे ठाण्यातल्या शिपायालाही कळून चुकलं.

३

तरी मुक्तानं बाकीच्यांना विचारायचं सोडलं नाही. मन बधिर असलं तरी कामाची सवय जात नाही.

पहिला बंकट. टँकरचा ड्रायव्हर, तोंडाचा फाटका. रामकिसननं त्याच्याविरुद्ध नगरपंचायतीत तक्रार केली होती, की टँकर अर्धाच भरून आणतो. बंकटनं गावात चारचौघांत त्याला बघून घेईन म्हटलं होतं. तेही त्यानं नाकारलं नाही.

“म्हणलो की. रागात माणूस म्हणतंय,” तो म्हणाला. “पण माझ्या टँकरला तुमी ती जीपीएस लावली न्हाई का, तिला इचारा. पहाटं मी धरणावर लाईनीत हुतो. माझ्यापेक्षा तिच्यावर तुमचा भरवसा जास्ती हाय.”

जीपीएसला विचारलं. बंकट खरंच धरणावर होता.

दुसरे मुख्याधिकारी. योजनेच्या नियमानं कॅमेरा-खोलीची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. ते आदल्या दिवसापासून टंचाईच्या बैठकीला बीडला होते, किल्ली त्यांच्या जुडग्यात होती आणि जुडगा त्यांच्या कमरेला. बैठकीला आलेल्या अर्ध्या जिल्ह्यानं त्यांना पाहिलेलं.

तिसरी किल्ली योजनेच्या सुरक्षा समितीतल्या नागरिक सदस्याकडे. ते म्हणजे दूध संघाचे सचिव विठ्ठलराव. गावातलं वजनदार आणि तरी हलक्या पावलांनी चालणारं माणूस. संघाचं दूध आटलं, शीतकरण बंद पडलं, आवारातली विहीर कोरडी पडली म्हणून तिच्यावर पत्रा टाकून कुलूप घातलं, तरी विठ्ठलराव रोज कार्यालयात येऊन बसत. स्वतःचा हंडा स्वतः रांगेत धरत. त्यांचा हंडा नेहमी रामकिसनच्या हंड्यामागे असायचा. मालक आणि नोकर एका रांगेत, याचं गावाला फार कौतुक.

मुक्ता त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी आधी पंखा तिच्याकडे वळवला. रामकिसनविषयी बोलताना त्यांचे डोळे भरून आले. वीस वर्षांच्या चाकरीतला माणूस, म्हणाले, घरातल्यासारखा. केशरबाईला संघात कामाला लावून घेऊ म्हणाले. किल्ली घरी खुंटीला आहे, मिळाल्यापासून हात लावला नाही, म्हणाले. मग त्यांनी टोपलीतून एक मोसंबी काढली, देठाला हिरवं पान होतं, ती स्वतः सोलून फोडी तिच्यापुढे ठेवल्या.

“खा बाई. ह्या उन्हात लई वणवण करताव तुमी.”

मुक्तानं खाल्ली. रसाळ होती. तिला चव कळली, आवडली की नाही ते कळलं नाही. ‘किल्ली घरी, वापर नाही’ असं लिहून घेऊन ती उठली. बाहेर पडताना तिनं नमस्कारही केला.

ठाण्याच्या पायरीवर सरूबाई तशीच बसलेली होती. मुक्ता तिच्याशेजारून आत गेली. आत फोन वाजत होता. औरंगाबादहून एजन्सीचा अभियंता बोलत होता: चित्रण मिळालंय, घेऊन येतो.

४

चित्रण पाहायला कॅमेरा-खोलीत चार खुर्च्या मांडल्या, पण आले तिघंच. अभियंता, मुख्याधिकारी आणि मुक्ता. पडद्यावर अंधार, मग उजेड, आणि सगळा वेळ हंडे. नुसते हंडे. हिरवे, निळे, पिवळे, काही पत्र्याचे, फाटकापासून चावडीपर्यंत लागलेले. उजाडताना माणसं येऊन आपापल्या हंड्याजवळ उभी राहिली, टँकर आला, रांग सरकू लागली. फाटकातून रात्रभर कुणी आत गेलं नाही की बाहेर आलं नाही.

“तुमच्या लोकांनी मान वळवली नसती तर निदान रस्ता तरी दिसला असता,” अभियंता म्हणाला. मुख्याधिकाऱ्यांनी खांद्यावरची धूळ झटकली.

या चित्रणानं एकच सिद्ध झालं. मारणारा फाटकातून आला नाही. म्हणजे मागच्या गल्लीतून आला, जिथं कॅमेरा-खोली आहे. भारतभोवतीचा फास आणखी आवळला गेला. अभियंता औरंगाबादला परतला. मुक्तानं दाखल्याचा कागद पुढ्यात ओढला, पेन उघडलं, आणि मग उद्या सकाळी लिहू म्हणून बंद केलं. दया आली म्हणून नव्हे, दमली होती म्हणून.

मुक्ता जिच्याकडे भाड्यानं राहायची ती घरमालकीण छबुबाई. मुक्ताचा हंडा छबुबाई रोज आपल्याबरोबर रांगेत लावायची. भरलेला हंडा दारात आयता यायचा, तो कसा येतो हे मुक्तानं कधी विचारलं नव्हतं. त्या सकाळी छबुबाईला ताप होता, अंथरुणातून उठवेना. मुक्ता पहिल्यांदा स्वतः रांगेत जाऊन उभी राहिली.

अंगावर वर्दी नव्हती, त्यामुळे कुणी बाजूला झालं नाही हे तिला बरं वाटलं. रांग हलली. तिनं आपला हंडा पुढे ढकलला, तर मागची म्हातारी तिच्यावर खेकसली.

“आगं, आधी म्होरचा सरकव. मंग आपला.”

पुढचा हंडा कुणा सुंदरबाईचा होता, आणि सुंदरबाई तिथं नव्हती. मुक्तानं बघितलं तर अर्ध्या हंड्यांचे धनी तिथं नव्हतेच. कुणी म्हशीला वैरण घालायला गेलेलं, कुणी लेकराला आंघोळ घालायला. पण हंडा मागं राहायचा नाही. मागचा माणूस पुढच्या रिकाम्या हंड्याला पायानं हलकेच पुढे लोटायचा, मग आपला लोटायचा. टँकरच्या नळाशी पोचला की कुणीतरी भरून बाजूला ठेवायचं. त्यासाठी ओळख लागत नव्हती, भांडण असलं तरी अडत नव्हतं. तिचा स्वतःचा हंडा इतके दिवस असाच अनोळखी पायांनी नळापर्यंत गेला होता.

मुक्ता नळाशी पोचली तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. पाण्यामुळे नव्हे.

रामकिसन रोजच फाटकाच्या आत असायचा. त्याचा हंडा रोज दुसरंच कुणी पुढे न्यायचं. मग त्या दिवशी तो रिकामा कसा राहिला?

५

तिनं अभियंत्याला फोन केला, तेव्हा तो पत्र पाठवा म्हणाला. ती म्हणाली, पत्र मागून येईल, सोमवार मागून येणार नाही. एका पोराची नोकरी आहे. मग तो म्हणाला, निघतो. मुख्याधिकाऱ्यांनी वीज जाणार होती ती थांबवून धरली. दुसऱ्यांदा तिघं त्या खोलीत बसली, आणि या वेळी मुक्तानं आधीच्या दिवसांचंही चित्रण मागितलं.

आधीच्या प्रत्येक दिवशी तेच दिसलं. हिरवा हंडा, मागं पांढऱ्या धोतरातले विठ्ठलराव. रांग हलली की विठ्ठलराव आधी हिरवा हंडा पायानं लोटायचे, मग आपला. कधी चुकले नव्हते. नळाशी गेल्यावर रामकिसनचा हंडा स्वतः भरून फाटकाशी ठेवायचे.

मग त्या दिवसाचं लावलं. टँकर आला. रांग हलली. विठ्ठलरावांनी पाय उचलला.

“थांबवा,” मुक्ता म्हणाली. “परत दाखवा.”

पाय उचलला गेला, हिरव्या हंड्याच्या दिशेनं गेला, आणि टेकायच्या आत मागे आला. विठ्ठलराव क्षणभर तसेच उभे राहिले. मग आपला हंडा उचलून ते हिरव्या हंड्याला वळसा घालून पुढे गेले. त्यांच्या मागच्यानं त्यांचा हंडा पाहिला, हिरवा पाहिलाच नाही. रांग पुढे गेली आणि हिरवा हंडा बाजूला पडला.

“एखाद्या दिवशी विसरला असेल माणूस,” मुख्याधिकारी म्हणाले.

“विसरलेल्या माणसाचा पाय उचलतच नाही,” मुक्ता म्हणाली. “आणि केशरबाई आत गेली ती रांग संपल्यावर. तोवर रामकिसन मेलाय हे गावात कुणालाच माहीत नव्हतं.”

अभियंत्यानं चष्मा काढून पुसला. रस्ता दिसला असता असं तो पुन्हा म्हणाला नाही.

पण उचललेला आणि मागं घेतलेला पाय, एवढ्यावर कोर्ट काही कुणाला दोषी धरत नाही. विठ्ठलरावांनी रामकिसनला का मारावं? मुक्ता डोळे मिटून बसली आणि तिला एकदम तोंडात आंबट-गोड चव आली. हिरव्या पानाची मोसंबी. तिसऱ्या वर्षाच्या दुष्काळात, जिथं बाभळीसुद्धा वाळल्या होत्या, तिथं पान हिरवं आणि फळ रसाळ. त्यापाठोपाठ चपलांना लागलेला चिखल आठवला. टँकरचं पाणी फाटकाबाहेर सांडत होतं आणि रामकिसन तर रात्रभर फाटकाबाहेर आलाच नव्हता. कॅमेऱ्यानंच तसं सांगितलं होतं.

“संघाच्या विहिरीवरचा पत्रा काढायचा,” ती म्हणाली.

६

पत्रा काढला. खाली पाणी होतं. फार नव्हतं, पण काळंभोर आणि हलतं, आणि त्यात मोटार सोडलेली होती. मोटारीचा पाइप मातीखालून मागच्या भिंतीपलीकडे गेला होता, आणि भिंतीपलीकडून पुढं शेताशेतानं विठ्ठलरावांच्या मोसंबीच्या बागेत. पाइपाच्या सांध्यातून पाणी झिरपून ओल झाली होती. शेजारीच दुधाचे कॅन धुवायचा सिमेंटचा ओटा होता. त्याची कड घासून पुसली होती. त्या आवारात सगळीकडे धूळ होती आणि तेवढी एक कड स्वच्छ होती.

विठ्ठलराव कार्यालयात होते. मुक्तानं त्यांच्यासमोर बसून सगळं एकामागून एक सांगितलं. पहाटे तुम्ही मोटार चालू करायला मागच्या दारानं आलात. रामकिसनला विहिरीचं कळलं होतं, तो कॅमेरा आत वळवायच्या मागं होता. भारतनं नियम सांगितल्यावर त्यानं तुम्हालाच गाठलं. झटापट झाली, तो ओट्यावर पडला. तुमच्याकडे खोलीची किल्ली. शिडी आणून भिंतीला लावलीत, त्याला खाली झोपवलंत. शिडी दिसली की सगळे भारतकडे बघतील, आणि बघितलंही. मग घरी जाऊन अंघोळ करून तुम्ही रांगेत उभे राहिलात, कारण रोज राहता.

विठ्ठलराव ऐकत राहिले. नाही म्हणाले नाहीत. बोलले ते खालच्या आवाजात.

“सारं गाव सोडून गेलं तरी बाग जाऊ द्यायची न्हाई, असं ठरवलं हुतं मी. पोरासारखी झाडं. एक एक वाळताना बघवंना. म्हणलं, एवढं एक साल काढू. तो म्हणला, मालक, आज रांगेत सांगतो सगळ्याला. मी धरला त्याला. नुसता धरला. तो सुटायला गेला आन पडला.”

“मग डॉक्टर का नाही बोलावलात?”

त्यांनी दाराबाहेर पाहिलं.

“आणि हंडा? रोजच्यासारखा लोटला असता, तर मी तुमच्यापर्यंत आलेच नसते.”

“लोटणारच हुतो,” विठ्ठलराव म्हणाले. “पाय उचलला बी. पन मेलेल्या माणसाच्या भांड्याला पाय कसा लावावा? मला त्यो फाटकाच्या आतून बघतोय असं वाटलं. माणसाचं भांडं हाय ते.”

पडल्यावर ज्याच्यासाठी डॉक्टर बोलावला नाही, त्याच्या रिकाम्या हंड्याला पाय लावायला त्यांना पाप वाटलं होतं. मुक्ताला त्यांचा राग यायला हवा होता. तेव्हा तरी तो आला नाही. तिनं हवालदाराला खूण केली.

७

विहिरीला त्याच दिवशी तिघांचं कुलूप लागलं. नगरपंचायतीनं पाण्याचं वाटप घेतलं, पोलिसांनी पहारा दिला आणि केंद्राच्या अभियंत्यानं एक जादा कॅमेरा वरिष्ठांना न विचारताच आवारात लावून टाकला. वर काय सांगायचं ते बघू म्हणाला. हेच आठ दिवस आधी झालं असतं तर, असं तिघांपैकी कुणीच बोललं नाही. ज्याच्या त्याच्या मनात मात्र ते होतं. केशरबाई विहिरीचं पहिलं पाणी घ्यायला आली नाही. दुसऱ्या दिवशी आली, बाकीच्या बायांसारखी रांगेत उभी राहिली आणि पाणी घेऊन गेली.

भारतला सोडलं. दाखला मुक्तानं स्वतःच्या हातानं लिहिला, त्यात भारतविरुद्ध एकही अक्षर राहू दिलं नाही. पहिल्या गाडीनं निघाला तर तो सोमवारी वेळेत पोचणार होता. मुक्ता स्टँडवर गेली. जायची गरज नव्हती, कागद शिपायाकरवीही पाठवता आला असता. गेवराईची गाडी लागलेली होती. भारत बॅग घेऊन खिडकीशी बसला होता. कोठडीतल्या दिवसांत तो वाळला होता. दाखला घेताना त्यानं आभार मानले, ठरल्यासारखे, आणि कागद घडी करून बॅगेत ठेवला.

“आनंद झाला न्हाई का रे?” तिनं विचारलं.

“व्हईल, म्याडम,” तो म्हणाला. “अजून कळंना झालंय.”

सरूबाई गाडीखाली उभी होती. मुक्ताला वाटलं, ही आता हात जोडेल. हात जोडले तर काय करायचं, याचाही तिनं विचार करून ठेवला होता. सरूबाईनं हात जोडले नाहीत. पदर खोचलेला होता तसाच ठेवून ती मुक्ताच्या समोर येऊन उभी राहिली.

“म्याडम, एक इचारू का?”

“विचारा की.”

“किल्ली माझ्या पोराकडं बी हुती आन इठ्ठलरावाकडं बी हुती. तुमाला दोन्ही ठावं हुतं. पोराला तुमी कोठडीत घातलं, आन त्यांच्याकडं जाऊन खुर्चीवर बसलात. कावून?”

मुक्तानं तोंड उघडलं. शिडी, वादावादी, पहाटेचं पळणं, सगळी कारणं तयार होती, आणि कागदावर ती सगळी ठीक होती. त्यांतलं एकही तिच्या जिभेवर येईना. खरं उत्तर सोपं होतं. तिला माहीत होतं, सरूबाईला माहीत होतं, आणि खिडकीतून खाली बघणाऱ्या भारतला तर कळायला लागल्यापासून माहीत होतं. विठ्ठलरावांना विचारताना तिच्या मनात संशय शिरलाच नव्हता, आणि विहारामागच्या पोराला विचारताना तो आधीपासूनच येऊन बसला होता.

वर्षभरात पहिल्यांदा तिला रडू येत होतं, आणि या बाईपुढे रडायचा आपल्याला हक्क नाही हेही त्याच क्षणी तिला कळलं. म्हणून तिनं ते गिळलं.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

सरूबाईनं मान हलवली. “व्हय. चुकलंच,” ती म्हणाली, आणि गाडी फाट्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत पोराकडे बघत उभी राहिली.